वाचकांचे प्रश्न : नोट हाताला कळावी म्हणून

या वेळी दृष्टिहीनांच्या रोजच्या पैशांच्या व्यवहारावर बरेच प्रश्न आले. त्यांतले पाच निवडले आहेत. सगळे इंदूरचे असले तरी उत्तरं कुठेही चालतील.

प्रश्न (रामबाग) : वडिलांची दृष्टी काचबिंदूने गेली. वय ६८. भाजी आणायला अजून स्वतः जातात, पण वीसची आणि दोनशेची नोट सारखी लागते म्हणतात. हाताने ओळखायची खात्रीची पद्धत आहे का?

वडिलांची तक्रार अगदी बरोबर आहे, आणि तिला ठोस कारण आहे. सध्याच्या नव्या मालिकेतल्या नोटांची लांबी अशी : दहाची १२३ मिमी, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. दहा आणि वीसची रुंदी ६३ मिमी, बाकी सगळ्यांची ६६. घोळ होतो तो जुन्या मालिकेमुळे, कारण त्याही नोटा अजून चलनात आहेत. जुनी वीसची नोट १४७ मिमी लांब, म्हणजे नव्या दोनशेपेक्षा १ मिमीच मोठी. जुनी दहाची १३७, म्हणजे नव्या पन्नासच्या शेजारी. फरक फक्त रुंदीत आहे, तोही ३ मिमीचा. निव्वळ बोटांनी तो पकडणं सवयीच्या माणसालाही जड जातं.

म्हणून वडिलांसाठी घरीच एक मापपट्टी करा. साधारण १७ बाय ९ सेंटिमीटरचा कडक पुठ्ठा किंवा जुन्या प्लास्टिक फाइलचं पान घ्या. डाव्या टोकाला पट्टीचा तुकडा उभा चिकटवून भिंत करा. नोटेची कड तिला टेकेल. आता भिंतीपासून १२६, १३२, १३८.५, १४४ आणि १४८ मिमीवर जाड दोऱ्याच्या उभ्या रेघा फेव्हिकॉलने चिकटवा. बहुतेक जण रेघ नोटेच्या नेमक्या लांबीवर मारतात आणि तिथेच चुकतात. नोट जरा झिजली किंवा कोपरा दुमडला की ती रेघेच्या अलीकडे पडते आणि उत्तर बदलतं. रेघ दोन नोटांच्या मधोमध असली की नोटेचं टोक कप्प्यात पडतं, आणि १-२ मिमीची झीज खपून जाते. पहिल्या रेघेच्या अलीकडे टोक आलं तर दहा, पुढच्या कप्प्यांत क्रमाने वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि शेवटच्या रेघेपलीकडे पाचशे.

जुन्या नोटांसाठी पुठ्ठ्याची मागची बाजू वापरा. तिथे दोन पट्ट्या समांतर चिकटवा, मधलं अंतर ६४.५ मिमी. मोजण्यापेक्षा नोटाच लावून बघा : कोरी दहाची नोट मध्ये सपाट बसली पाहिजे, आणि नवी पन्नासची बसवताना मध्येच फुगली पाहिजे. दीड मिमी जास्त रुंद नोट चांगली बोटभर जाणवेल इतकी वर येते. आता नियम सोपा आहे. पुढच्या बाजूला दोनशेच्या कप्प्यात पडली आणि मागे सपाट बसली, तर ती जुनी वीस. पन्नासच्या कप्प्यात पडून सपाट बसली, तर जुनी दहा. जुनी पन्नास, शंभर ७३ मिमी रुंद असतात. त्या मागे अजिबात बसत नाहीत.

पट्टी बाजारात काढायची गरज नाही. घरी मोजून पाकिटात लावून ठेवायचं : दहा-वीस एका कप्प्यात, पन्नास-शंभर दुसऱ्यात, मोठ्या नोटा आतल्या चेनच्या कप्प्यात. इतक्या कप्प्यांचं पाकीट नसेल तर घडीची सवय लावा. दहा सपाट, वीस एकदा मधोमध, पन्नास लांबीत उभी घडी, शंभर दोनदा. घडी कोणतीही चालेल, पण घरात सगळ्यांनी तीच पाळली पाहिजे. कुणी प्रेमाने नोटा नीट करून ठेवल्या की वडिलांचा हिशेब विस्कटतो.

प्रश्न (सुदामा नगर) : शंभरच्या नोटेवर त्रिकोण असतो म्हणतात. मला तो लागतच नाही. माझं बोट चुकतंय की नोट?

बहुधा नोट. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांवर काही भाग उठावदार छापतात. त्यासाठी धातूच्या पत्र्यावर चित्र खोदतात, खाचांत शाई भरतात आणि कागद प्रचंड दाबाने त्या खाचांत दाबतात. शाई आणि कागद दोन्ही वर येतात. आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर देवासला नोटा छापण्याची प्रेस आहे आणि नोटांच्या शाईचा कारखानाही. तिथून कोरी बाहेर पडलेली नोट बोटाला स्पष्ट कळते. पण ती कापसाच्या कागदाची आहे. हजार हातांचा घाम, घड्या आणि मोजणीची यंत्रं यांनी तो उठाव बसतो. वर्षभर फिरलेल्या नोटेवर त्रिकोण सापडला नाही तर स्वतःला दोष देऊ नका.

तरी शोधायची पद्धत सांगतो. नोटेची पुढची बाजू वर ठेवा. कुठली पुढची, हे गांधीजींच्या चित्राच्या खरखरीतपणावरून कळतं. उजव्या भागात अशोकस्तंभाजवळ खूण असते : शंभरला त्रिकोण, दोनशेला इंग्रजी एच, पाचशेला गोल. ती लहान आहे. तिच्याऐवजी आधी नोटेच्या डाव्या-उजव्या कडांना लागून असलेल्या तिरक्या रेघा शोधा. शंभरला चार, दोनशेला चार आणि त्यांच्यामध्ये दोन वर्तुळं, पाचशेला पाच. नोट टेबलावर किंवा अंगठ्याच्या नखावर टेकवा आणि तर्जनीचं टोक हलकं, रेघांना आडवं सरकवा. जोरात दाबलं की काहीच लागत नाही. हात कोरडे हवेत.

एक गोष्ट डॉक्टरही अनेकदा सांगायला विसरतात : मधुमेहाने दृष्टी गेली असेल तर बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. अशा माणसाला रेघा मोजायला लावू नका. त्याच्यासाठी लांबीची पट्टीच खरी.

आमचं मत स्पष्ट आहे. शंभर, दोनशे, पाचशे यांच्यात ४-४ मिमीचा फरक फार कमी आहे, आणि दहा, वीस, पन्नासच्या नव्या नोटांवर तर बोटाला कळणारी खूणच नाही. नवीन नोटांविरुद्ध नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुंबई उच्च न्यायालयात गेली होती ती उगीच नाही.

प्रश्न (मल्हारगंज) : सरळ ब्रेल का छापत नाहीत?

ब्रेलचा ठिपका टिकण्यासाठी तो चांगला उंच हवा, आणि तितका उंच ठिपका कागदी नोटेवर काही आठवड्यांतच चपटा होतो. शिवाय मोठेपणी दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही. कॅनडाच्या नोटांवर ठिपके आहेत, पण ते ब्रेल नाहीत. ठिपक्यांचे गट मोजायचे असतात, लिपी वाचायची नसते. युरोच्या नोटांनी लांबी-रुंदीवर भर दिला आहे. आम्हाला हाच मार्ग जास्त टिकाऊ वाटतो, कारण आकार झिजून जात नाही.

प्रश्न (स्नेहलतागंज) : आई दृष्टिहीन आहे. सिटी बसमध्ये दोनचं नाणं समजून पाचचं देते. नाणी तर सोपी केली ना?

नवी सोपी आहेत. ७ मार्च २०१९ ला आलेल्या मालिकेत किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं. एक रुपया २० मिमी, ३.०९ ग्रॅम, दोन २३ मिमी, ४.०७, पाच २५ मिमी, ६.७४, दहा २७ मिमी, ७.७४. वीसचंही २७ मिमी, वजन ८.५४ ग्रॅम, पण त्याला बारा कडा आहेत. फिरवलं की कोपरे लागतात.

अडचण अशी, की आधीच्या, २०११ च्या मालिकेत दोनचं नाणं २५ मिमीचं होतं आणि पाचचं २३ मिमीचं. म्हणजे उलटं! आणि दोन्ही मालिका एकाच बटव्यात असतात. म्हणून आईंना सांगा, रुंदीवर जाऊ नका, जाडी आणि वजन बघा. या दोन आकारांत जड ते पाच. २३ मिमीत हलकं ते नवं दोन; २५ मिमीत हलकं ते जुनं दोन.

याला अजून चांगला उपाय म्हणजे लहान चुंबक. एक आणि दोनची अलीकडची नाणी पोलादी, ती चिकटतात. पाचचं पितळी नाणं चिकटत नाही. अपवाद आहे : काही वर्षं पाचचंही पोलादी निघालं होतं. ते चिकटलं तरी जाडीवरून कळतं.

एक गाठ मात्र सुटत नाही. २०११ पूर्वीचा पोलादी रुपया २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम, आणि २०११ चं दोनचं नाणं तेवढंच, तेवढ्याच वजनाचं. इथे आई चुकल्या तर त्यात त्यांची चूक काही नाही. ही नाणी सापडली की घरातल्या डोळसाने वेगळी काढून बँकेत द्यावीत.

प्रश्न (जेल रोड) : फोनवरचं मनी ॲप घेतलं. कधी बोलतं, कधी गप्प बसतं. त्यावर विसंबावं का?

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला आणलेलं, कॅमेऱ्याने नोट ओळखून किंमत सांगणारं हे ॲप फुकट आहे आणि एकदा उतरवलं की इंटरनेटशिवाय चालतं. आवाज नको असेल तर कंपनाने सांगतं. ते गप्प बसतं याची कारणं बहुतेक ठरलेली : लेन्सवर बोटाचं तेल, नोटेखाली फुलाफुलांची चादर, एकाच वेळी दोन नोटा, किंवा हलणारा हात. लेन्स रुमालाने पुसा. नोट एका गडद रंगाच्या सपाट जागेवर ठेवा, फोन एक वीत वर धरा आणि बोलेपर्यंत हलवू नका. अर्धी घडी घातलेली नोटही ते ओळखतं, पण चुरगळलेली सरळ करून घ्या. फोन स्वतः वाचून दाखवतो तो आवाज आणि ॲपचा आवाज एकमेकांवर आले की गोंधळ होतो. वाचनाचा आवाज थोडा वेळ थांबवा.

ते नोट खरी की बनावट हे सांगत नाही, आणि नाणी ओळखत नाही. सराफ्याच्या गर्दीत ते मोठ्याने बोलू देऊ नका. एका कानात इअरफोन घाला, म्हणजे हातात पाचशे आहेत हे शेजाऱ्याला कळणार नाही. आणि दुकानात सुट्टे परत घेताना ॲप काढण्याआधी दुकानदाराला सांगा : नोटा एकदम हातात देऊ नका, एकेक द्या आणि देताना किंमत बोला. घेतलेली प्रत्येक नोट लगेच तिच्या कप्प्यात घाला, पुढची मग घ्या.