डेन्व्हर ते सिॲटल: निघण्याआधी हौद्याचा हिशेब करा

तुम्ही लिहिलंय की पिकअप 9,000 पौंड ओढते, भरलेला ट्रेलर 6,000 चा होईल, 3,000 शिल्लकच आहेत, तर पिकअपचा मागचा हौदाही भरून टाकू. हा हिशेब सोडून द्या. ओढायची मर्यादा गाठायच्या खूप आधी पिकअपच्या पाठीवरची मर्यादा संपते.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या माहितीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा 1,500 पौंड. ट्रेलरच्या वजनातलं 10 ते 15 टक्के हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर), म्हणजे पिकअपच्याच अंगावर येतं. 12 टक्के धरले तर 720. तुम्ही चौघं 550. उरले 230. एक वॉशिंग मशीन चढवलं की हौदा संपला.

मग हिचवरचा भार कमी करायला जड सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवावंसं वाटेल. कृपा करून तसं करू नका. माझ्याकडून हे नकळत झालं होतं. पुस्तकांची खोकी आणि वेट ग्राइंडर सगळ्यात शेवटी भरले, ते दारापाशीच राहिले. वायोमिंगमध्ये आय-80 महामार्गावर एल्क माउंटनजवळ आडवा वारा लागला आणि आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसायला लागला. पाठोपाठ पिकअपही हेलकावे खाऊ लागली. बायको मागे वळून मुलाचा पट्टा चाचपत होती. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि डॅशबोर्डजवळच्या ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावले. गाडी सावरली. रॉलिन्सला पोचल्यावर भर वाऱ्यात दोन तास खोकी पुढे वाहिली.

साधारण 60 टक्के वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा, जड खोकी तळाशी, वरून पट्टे आवळून. निघाल्यावर पहिल्याच ट्रकस्टॉपच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) वजन करा. एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडवून. पिकअपच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जो फरक पडेल, तो हिचवरचा भार. ट्रेलरच्या टायरमधली हवा थंड असतानाच तपासा. ही चाकं बसवून फार दिवस झाले नसतील, तर पन्नासेक मैलांवर थांबून नट पुन्हा आवळा.

वाटेतला सगळ्यात अवघड उतार ओरेगनमधल्या पेंडलटनच्या अलीकडचा कॅबेज हिल. 6 टक्के उतार, सहा मैलांत 2,000 फूट खाली, त्यात वळणं. माथ्यावरच टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गिअरची सेटिंग) लावून खालच्या गिअरमध्ये या. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. दाबून वेग पाडा आणि सोडून द्या, म्हणजे ते गार व्हायला वेळ मिळतो.

आणि वायोमिंगमध्ये महामार्गावरच्या फलकावर हलक्या, उंच वाहनांना बंदी दिसली, तर लॅरमीलाच मुक्काम करा. पहाटे वारा बहुधा कमी असतो, तेव्हा निघा.