घरून काम करताना मित्रमैत्रिणींशी गप्पा मारता का? काम होतं का मग? आणि रोज बोलायला विषय कुठून आणता?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं घरूनच काम चालू आहे, दिवसभरात तोंडातून निघणारा पहिला शब्द बहुतेक कुरियरवाल्याला सांगितलेला ओटीपी असतो, आणि काम करता करता गप्पा मारणारी माणसं खरंच असतात का. असतात की. मी त्यातलीच एक. आम्ही चौघी आहोत, पुण्यात कॉलेजला असताना एका खोलीत राहायचो. नावं लिहीत नाही, गावावरूनच म्हणते: कोल्हापूरची, श्रीवर्धनची, जर्मनीवाली आणि मी पुण्याची (म्हणजे सिंहगड रोडची, कोथरूडवाले आम्हाला पुण्यात धरत नाहीत ते सोडा). मी इन्शुरन्सच्या क्लेमचं काम करते, कोल्हापूरची अकाउंट्स आणि जीएसटी बघते, श्रीवर्धनची ऐरोलीच्या एका कंपनीत बॅक ऑफिसला आणि जर्मनीवाली टेस्टिंगमध्ये.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेते कारण खरी गोम तिथेच आहे. विषय आम्ही आणतच नाही. विषय आणायला लागलो की गप्पा मेल्या समजा.

हे आम्हाला पण लगेच कळलं नव्हतं. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्यांसारखं आम्ही पण ठरवलं की दर शनिवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल. पहिल्या शनिवारी काय ती मजा, रडारड, तुझे केस किती वाढलेत वगैरे. दुसऱ्या शनिवारी "बोला मग", "तू बोल", "काही नाही गं, तुझं काय", आणि मग झूमची फुकटातली 40 मिनिटं संपायची कधी याकडे सगळ्यांचं लक्ष. तिसऱ्या शनिवारी जर्मनीवालीची मीटिंग निघाली. शनिवारी! आम्ही पण काही बोललो नाही कारण आम्हाला पण सुटल्यासारखंच झालं होतं.

आणि मग एका सोमवारी कोल्हापूरचीने फोन केला, एक्सेलमधे काहीतरी अडलं होतं, ते पाच मिनिटात झालं आणि दोघी फोन ठेवायच्या विसरलो. मी माझे क्लेम बघत बसले, ती तिचं टाइप करत बसली, आणि मधेच तिच्याकडे दूधवाला आला, आणि तिची सासू त्याच्याशी दुधात पाणी किती यावर जे काय भांडली, मी हातातलं काम सोडून ऐकत होते. तो गेल्यावर ती परत खुर्चीत बसल्याचा आवाज आला तर मी म्हटलं, "काय ठरलं शेवटी, म्हशीचं का गायीचं?" ती दचकलीच. "आगं तू आहेस व्हय अजून!" मग काय हसलोय आम्ही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम फोन चालू ठेवला. आठवड्याभरात चौघी आत. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलला चारच जण चालायचे, आम्ही बरोब्बर चार, एप्रिलअखेरीस त्यांनी आठ केले पण आम्हाला त्याचं काय.

तर पद्धत एवढीच आहे. व्हिडिओ नाही, फक्त आवाज. कोणी बोललंच पाहिजे असं नाही. अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही, नुसती कीबोर्डची खटखट, पंख्याचा आवाज. हॉस्टेलच्या खोलीत परीक्षेच्या आधी चौघी आपापल्या कॉटवर पुस्तकं घेऊन बसायचो तसंच हे, कोणी मधेच म्हणायचं मला चहा पाहिजे, की दुसरी म्हणायची मला पण. बोलणं असं मधून मधून उगवतं. आणि उगवतं ते घरातल्या आवाजातून.

आता आवाज म्हणजे काय सांगते. माझ्याकडे सकाळी घंटागाडीचं गाणं, मग भंगारवाला (रेकॉर्ड केलेला, स्वतः नुसता हातगाडी ढकलतो), मग शेजारच्यांचं मिक्सर. श्रीवर्धनचीकडे समुद्र ऐकू येत असेल असं वाटायचं आम्हाला, पण समुद्र नाही, तिच्याकडे मागच्या दारी वाडीतल्या पोफळींची सळसळ आणि पडवीत तिच्या आजीचा अडकित्ता. कट्ट, कट्ट, कट्ट. तो थांबला की आम्ही विचारायचो, आजी झोपली का गं? जर्मनीवालीकडे काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही, इतकी शांतता की आधी आम्हाला वाटायचं तिचा कॉल कट झालाय. ती बिचारी म्हणायची खिडकी उघड ना, भाजीवाला आला की फोन बाहेर धर. मी धरायचे. "मेथी दहाला एक" हे ती श्वास रोखून ऐकायची. तिच्याकडे सकाळी आठला काम सुरू होतं तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, त्यांचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं ना, त्यामुळे वर्षातून दोनदा आमचा सगळा चहाचा टाइम विस्कटतो.

कोल्हापूरचीचं बोलणं हाच एक विषय आहे खरं तर. ती आमच्यासमोर सरळ "मी जेवून आलो गं", "भात टाकलोय बघ" असं बोलते, तिकडच्या पोरी बोलतात तसं, आणि क्लायंटचा फोन आला की एकदम "मी पाठवते सर". एकदा मिनिटाभरात तीन वेळा गाडी बदलली तिने. जर्मनीवालीच्या नवऱ्याने शेजारून हळूच विचारलं म्हणे की तुमच्यात एक मुलगा पण आहे का.

आता कुकरची गोष्ट. ही सांगितलीच पाहिजे. मी तेव्हा हेडफोन न लावता फोन साखरेच्या डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवायचे, कारण माझं टेबल म्हणजे डायनिंग टेबल आणि डायनिंग टेबल म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरच. आईने डाळ-भाताचा कुकर लावला, मला सांगितलं चार शिट्ट्या झाल्या की बंद कर, मी म्हटलं हो आणि क्लेममधे डोकं घातलं. आई आत पूजेला. थोड्या वेळाने आई आतूनच ओरडली, "अगं झाल्या ना चार! बंद कर!" मी उठून केला बंद. जेवायला बसलो तर डाळ कच्ची, भात म्हणजे नुसते भिजलेले तांदूळ. आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे. तेवढ्यात फोनमधून कोल्हापूरची म्हणाली, "माझा भात आज लय गाळ झालाय." तेव्हा ट्यूब पेटली. दोन शिट्ट्या आमच्या होत्या, दोन कोल्हापूरच्या. आणि ती तिकडे आमच्या धरून मोजत होती का काय ते अजून कळलेलं नाही कारण तिचा तर जास्त शिजला होता, म्हणजे हिशोब लागत नाही, पण मज्जा खूप झाली. आई अजून कुकर लावताना विचारते, "तुझी कोल्हापूर चालू आहे का?"

सगळं असं हसण्यावारीच गेलं असं पण नाही. श्रीवर्धनची त्या वर्षी शिमग्याला म्हणून घरी गेली आणि लॉकडाऊनमुळे तिकडेच अडकली. 3 जून 2020, बुधवार, निसर्ग वादळ. सकाळपासून ती कॉलवर होती, कामाचं काही नव्हतंच, लाईट आधीच गेलेली, नुसती मोबाईलवर. आधी पाऊस, मग वारा, मग तो वाऱ्याचा आवाज असा झाला की फोन फाटतोय असं वाटलं. ती म्हणाली पत्रे उडतायत, आजीला आतल्या खोलीत नेते, आणि कट. पुण्यात पण त्या दिवशी झाडं पडली, आमची पण लाईट गेली, पण ते काहीच नव्हतं. नंतर आठ दिवस तिचा फोन बंद. टॉवरच गेले होते सगळे. आम्ही तिघी रोज कॉल लावायचो आणि चौथीला रिंग द्यायचो, नॉट रीचेबल. कोणी बोलायचं नाही फार. नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन, कुठल्यातरी टेकाडावर चढून रेंज पकडली होती, म्हणाली सगळे ठीक आहोत, घराची कौलं गेली, आणि वाडी गेली. वाडी गेली म्हणजे पोफळी मोडून आडव्या, नारळ आडवे, आजोबांनी लावलेली झाडं. नवीन पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. आणि तिकडे तिच्या ऑफिसातून मेलवर मेल येऊन पडलेले, लॉगिन का नाही म्हणून. लाईट यायला महिना गेला.

ती परत कॉलवर आली तेव्हा तिच्याकडचे आवाज बदलले होते. सळसळ नाही. नुसता झाडं कापायच्या कटरचा आवाज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कितीतरी दिवस. ती म्यूट करायची तर जर्मनीवाली म्हणाली नको करूस, असू दे. त्यावर कोणीच काही बोललं नाही, पण ती म्यूट करायची बंद झाली. मी काय म्हणतेय ते कळतंय ना? शनिवारच्या नऊच्या कॉलवर हे झालं नसतं. तिथे तिने "हो आता बरं आहे" असं सांगितलं असतं आणि आम्ही "काळजी घे" म्हटलं असतं.

बरं, कामाचं विचारलंय तुम्ही. प्रामाणिकपणे सांगायचं तर काही कामं होतात, काही होत नाहीत. माझं क्लेमचे कागद जुळवायचं काम, बिल आणि डिस्चार्ज कार्ड ताडून बघायचं, ते उलट चांगलं होतं कारण एकटी असले की दर दहा मिनिटांनी फोन उघडून रील्स बघते, इथे ते होत नाही. पण एखादा क्लेम नाकारायचं पत्र लिहायचं असेल तर मी सांगून बाहेर पडते, ते गप्पांमधे करायचं काम नाही. कोल्हापूरची 11 तारखेला आणि 20 तारखेला नसतेच, जीएसटीचे रिटर्न भरायचे दिवस, त्या दिवशी तिला हाक मारली तर खाते. आणि रोज कॉल असायचा तेव्हा पुण्यात गुरुवारी महावितरणचं दुरुस्तीचं काम निघालं की मी गायब. नसली तर का नाही आलीस असं कोणी विचारत नाही, हा आमचा पहिला नियम म्हणा.

दुसरा नियम आहे, तो मी धडा खाऊन शिकले. ऑफिसच्या लॅपटॉपवर गप्पा अजिबात नाही. वेगळा जुना फोन ठेवा, स्क्रीन फुटलेला चालेल, माझा फुटलेलाच आहे. मी सुरुवातीला दोन्ही लॅपटॉपवरच चालू ठेवायचे, एक खिडकी ऑफिसची एक आमची, आणि एकदा टीमची मीटिंग चालू असताना आमच्याकडे वाद चालला होता की पुरणपोळी दुधाबरोबर का कटाच्या आमटीबरोबर, आणि मी चुकून चुकीच्या खिडकीत अनम्यूट करून ठणकावून बोलले, "दुधाबरोबर खाणाऱ्यांना काही कळत नाही." बावीस माणसं. शांतता. मग मॅनेजर म्हणाले, आमच्याकडे दुधाबरोबरच खातात. ते अजून दर होळीला मला मेसेज करतात. आणि क्लेमचे कागद म्हणजे लोकांच्या आजारांची माहिती, त्यामुळे पेशंटच्या नातेवाईकाचा फोन आला की गप्पांचा कॉल आधी कट, म्यूट नाही, कट. यात मी जोक करत नाही.

आता आम्ही तिघी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातो, जर्मनीवाली दोन, त्यामुळे कॉल फक्त सोमवारी आणि शुक्रवारी, दोनच दिवस. ऑफिसात शेजारी बसलेल्यांशी एवढं बोलणं होत नाही ही एक गंमतच आहे, तिथे सगळे हेडफोन लावून.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर ग्रुपवर "आपण रोज कॉल करूया का" असा मेसेज टाकू नका. सगळे अंगठा देतील आणि कोणी येणार नाही. लिंक पण पाठवू नका. एकच मित्र निवडा, ज्याच्यासमोर तुम्ही बनियनवर बसू शकता असा, आणि त्याला काहीतरी फालतू कामासाठी फोन करा, गॅसचा नंबर कसा लावायचा, पीडीएफ छोटी कशी करायची, काहीही. काम झालं की ठेवू नका. नुसतं म्हणा, "असू दे चालू, मी जरा मेल करतो." तो विचित्र वाटून ठेवेल पहिल्यांदा. परत करा परवा. त्याच्याकडे कोणी दार वाजवलं आणि तुम्ही इकडून "कोण आहे रे?" म्हणालात, की झालं तुमचं.

फक्त कुकर लावला असेल तर हेडफोन घाला.