दुरुस्तीच्या टेबलावरून : लेन्स गेली म्हणून स्पीकर भंगारात का?

प्रश्न : आमच्याकडे २०११ साली घेतलेला ५.१ डीव्हीडी होम थिएटर आहे. दिवाळीपासून तो डिस्क वाचत नाही, नुसतं ‘नो डिस्क’ दाखवतो. टीव्ही आता नवा आहे, पण त्याचा आवाज या सेटमधून कसा काढायचा ते कळत नाही. टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही. दुकानदार म्हणतात, हे भंगारात घाला आणि साउंडबार, सबवूफर, मागचे स्पीकर, कराओके असं सगळं एकत्र असलेला नवीन सेट घ्या. घ्यावा का?
— एक भगिनी, जयसिंगपूर

उत्तर : ताई, आधी भंगारवाल्याला थांबवा. तुमच्या सेटची बहुधा लेन्स गेली आहे. डिस्क वाचणारी ही लेन्स वापराने क्षीण होतेच. अँप्लिफायर आणि स्पीकर मात्र नीट जपले तर वीस-वीस वर्षं वाजतात. लवकर झिजणारी वस्तू आणि दीर्घायुषी वस्तू एकाच पत्र्याच्या डब्यात कोंबल्या, की पहिलीच्या मरणाला दुसरीही सती जाते. अशा सेटबद्दल माझं मुख्य भांडण हेच आहे.

सेटवर ‘ऑक्स’ (बाहेरचा आवाज आत घ्यायची सोय) लावून मोबाईल जोडून बघा. गाणं नीट वाजलं तर अँप्लिफायर ठणठणीत आहे. मग टीव्हीच्या मागे ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं चौकोनी भोक शोधा. तिथून डिजिटल आवाज घेऊन लाल-पांढऱ्या पिनांत देणारा छोटा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला तर ढिगाने. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर (म्हणजे साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवायला विसरू नका, ते डॉल्बीवर राहिलं तर स्वस्त कन्व्हर्टरला काही उमगत नाही आणि सेट मुका बसतो. आवाज दोनच चॅनेलचा येईल. रिमोटवर ‘प्रोलॉजिक’सारखं, दोन चॅनेलचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारं बटण असेल तर मागचे स्पीकरही बोलू लागतील. मालिका, बातम्या, क्रिकेट यांना एवढं पुष्कळ झालं.

“सेटला एचडीएमआय आहे की!” असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. या पिढीच्या बऱ्याच सेटांत ते भोक फक्त चित्र बाहेर पाठवायला असतं. टीव्हीचा आवाज त्याच वायरीने उलटा आणायची सोय, म्हणजे ‘एआरसी’, २००९च्या एचडीएमआय १.४ मध्ये आली, पण प्रत्येक सेटात ती दिलेली नव्हती. भोकाशेजारी ‘एआरसी’ छापलं असेल तर तुमचे कन्व्हर्टरचे पैसे वाचले.

उद्या तुमचा अँप्लिफायरच उडाला तर? तर स्पीकर चांगले असूनही अडचण आहे. डबाबंद सेटचे स्पीकर बऱ्याचदा ३ किंवा ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असतात आणि वायरीला कंपनीचा स्वतःचा रंगीत प्लग असतो. सुटे रिसीव्हर, म्हणजे अँप्लिफायरचे वेगळे डबे, साधारण ६ ते ८ ओहमसाठी बनवतात. कमी ओहमचा स्पीकर लावून मोठ्याने वाजवला की ते तापतात, बंद पडतात. सबवूफरची तर आणखी पंचाईत, कारण त्याच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायरच नसतो. म्हणजे कंपनीने तुम्हाला स्पीकर विकले खरे, पण ते त्यांच्याच डब्यापुरते.

दुकानदार दाखवतात त्या नव्या सेटात डिस्क नसेल, म्हणजे झिजणारी लेन्स गेली. पण वायरलेस सबवूफर त्याच मॉडेलच्या बारशी जुळवलेला असतो. चार वर्षांनी तो मेला आणि मॉडेल बंद झालेलं असलं, की उरलेला बार बास नसलेलं भजन गात बसणार. खोक्यावरच्या वॉटांनीही भुलू नका. मागच्या पट्टीवर वीज किती खाते ते वाचा. समोर १००० वॉट आणि मागे दीडशे, असे सेट माझ्या टेबलावर नित्य येतात.

आपल्या भागात आणखी एक भीती, वळवाची. मे महिन्यात वीज कडाडते आणि डिशच्या वायरीतून किंवा एचडीएमआयमधून झटका आत शिरतो. सगळं सुटं असेल तर बहुतेकदा एखादं यंत्र जातं. एकत्र असेल तर मेनबोर्डच जातो, आणि जुन्या मॉडेलचा मेनबोर्ड मिळवणं म्हणजे लग्नाला स्थळ शोधण्यापेक्षा अवघड. ढग दिसले की डिशची वायर काढायची सवय लावा, सेट कुठलाही असो.

स्मार्ट टीव्हीतल्या ॲपलाही हेच लागू. २० एप्रिल २०१५ला यूट्यूबने आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा २०१२ किंवा त्याआधीच्या कित्येक टीव्हींवरचं यूट्यूब गेलं. डिसेंबर २०१९मध्ये नेटफ्लिक्सने काही जुने टीव्ही सोडले. त्या टीव्हींच्या काचेला काहीही झालेलं नव्हतं! म्हणून टीव्ही घेताना चित्र बघा आणि एचडीएमआयची भोकं मोजा. ॲप थकली की मागे एक स्टिक, म्हणजे ॲप चालवणारी छोटी कांडी, खोचायची.

नवीन घ्यायचंच असेल तर एआरसी आणि ऑप्टिकल दोन्ही असलेला साधा साउंडबार घ्या, किंवा छोटा रिसीव्हर आणि साध्या वायरीचे दोन चांगले स्पीकर. पुढेमागे स्पीकर वाढवता येतात. कराओके हवंच असेल तर वेगळा माइक-मिक्सर आणा. बारशाला शेजारी मागून नेतील तेव्हा तुमचा सेट तरी घरी राहील.

सासूबाई-सासरे एकटेच असतील आणि दोन रिमोट पाहून टीव्ही लावायचंच सोडत असतील, तर मात्र एकत्र सेट बिनदिक्कत घ्या. तिथे माझं वरचं सगळं भाषण बाजूला ठेवा.

प्रश्न : अँड्रॉइड, स्पीकर, बॅटरी सगळं आत असलेला ‘४के’ प्रोजेक्टर ऑनलाइन स्वस्तात दिसतोय. गच्चीवर मॅच बघायला चालेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ‘४के सपोर्ट’ म्हणजे तो ४के फाइल वाचतो. पडद्यावर किती ठिपके पाडतो ते ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या ओळीत असतं, आणि तिथे अनेकदा १२८०×७२० निघतं. उजेड एएनएसआय लुमेनमध्ये (उजेडाच्या प्रमाणित मापात) दिला नसेल तर तो आकडा सोडून द्या. आतलं अँड्रॉइड वाइडवाइन एल१चं (चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या डिजिटल कुलपाची वरची पातळी) नसेल तर पैसे भरून घेतलेली ॲप अंधूक, ४८० ओळींचंच चित्र देतात. घ्यायचाच तर एचडीएमआय असलेला घ्या आणि स्टिक तुमची लावा. कोकणातल्या दमट हवेत वापर झाल्यावर गार होऊ द्या, मगच पिशवीत भरा. आणि मॅच दिवसाची असेल तर टीव्हीच लावा.