टीव्ही युनिटच्या आत वायरी कशा बसवाव्यात की बाहेर एकही वायर दिसणार नाही?

तुम्ही लिहिलंय की नवीन फ्लॅटमध्ये मॉड्युलर टीव्ही युनिट करून घेताय, खाली ड्रॉवर, बाजूला उंच कपाट, आत सेट-टॉप बॉक्स, राऊटर, होम थिएटर, आणि बाहेरून एकही वायर दिसायला नको, तर आत वायरी कशा बसवायच्या आणि खर्च किती येईल. खर्चाचं मी सांगत नाही, तो सुतार बदलला की बदलतो. पण ते "एकही वायर दिसायला नको" वाचलं आणि लिहायलाच बसलो, कारण हेच वाक्य माझ्या दाजींचं होतं आणि त्यापायी ताईच्या घरी ऐन गौरी जेवणाच्या दिवशी आग लागता लागता राहिली.

मी भोसरीत पॅनेल वायरिंग करतो, आयटीआय झाल्यापासून तेच, १९ वर्षं झाली. पॅनेल म्हणजे कारखान्यात मशिनशेजारी उभी असतात ती लोखंडी कपाटं. एकेका कपाटात तीन-चारशे वायरी सहज असतात, त्यामुळे कपाटात वायरी कशा बसवायच्या हे मला शिकवायला कोणी येऊ नये. पॅनेलमध्ये आम्ही एकही वायर लपवत नाही. सगळ्या डक्टमधून जातात, डक्ट म्हणजे दोन्ही बाजूंना दाते असलेली राखाडी पीव्हीसी पट्टी, वर झाकण, नखाने उचललं की निघतं, आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरची फेरूल, म्हणजे नंबर छापलेली प्लॅस्टिकची छोटी नळी. रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं तर ज्याने ते पॅनेल आयुष्यात पाहिलेलं नाही त्या माणसाला दहा मिनिटांत वायर सापडली पाहिजे. आम्ही त्याला नीटनेटकं म्हणतो. दार लावल्यावर सुंदर दिसणं ही वेगळी गोष्ट आहे, ते दार लावलं की आपोआप होतं.

तर २०१६ साली ताई-दाजींनी चिंचवडला फ्लॅट घेतला आणि हॉलमध्ये सात फुटी युनिट करायला घेतलं. मी दाजींना आधीच म्हणालो की सुताराला बोलवायच्या आधी मला एक रविवार द्या, भिंतीत सॉकेट कुठे पाहिजेत ते मी करून देतो, आणि युनिटची मागची फळी स्क्रूवर ठेवा, चिकटवू नका. दाजी म्हणाले, "अरे, घर आहे हे, फॅक्टरी नाही." सुतारही त्यांच्याच बाजूचा, म्हणे स्क्रूची डोकी दिसतात, फिनिशिंग जातं. त्या भिंतीवर सॉकेट एकच, तेही डाव्या कोपऱ्यात, सहा अँपिअरचं. मग युनिटच्या उजव्या अंगाला आतून एक एक्स्टेंशन बोर्ड ठोकला, त्याची वायर पाच मीटर, लागत होती जेमतेम दोन मीटर. उरलेली वायर गुंडाळून चार केबल टाय आवळले, तो गुंडाळा मागच्या पोकळीत टाकला आणि वर फळी फेविकॉलने बंद. सेट-टॉप बॉक्स बरोबर त्याच्या पुढ्यात. बाहेरून बघितलं तर खरंच देखणं काम होतं, पाहुणे विचारायचे कोणाकडून केलं म्हणून.

त्याच वर्षी ताईकडे गौरी-गणपती. मखर युनिटला लागूनच. माळा, आरतीसाठी अँप्लिफायर, आणि गौरींचे फोटो चांगले यावेत म्हणून ५०० वॅटचे दोन हॅलोजन, असं सगळं त्या उजव्या बोर्डावर. सकाळी अकरापासून चालू. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या आणि आई आतून म्हणाली, काहीतरी करपतंय, गॅसवर काय आहे बघा. गॅसवर काही नव्हतं. मला तो वास ओळखीचा आहे, गरम पीव्हीसीचा, आंबट आणि घशाला लागणारा. मी ड्रॉवर काढून आत हात घातला, मागच्या फळीवर तळवा टेकवला, टेकवून ठेवता येईना. पळत जाऊन मेन पाडला. घरात अंधार, फक्त दोन समया.

आता फळी उघडायची कशी? प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेआधी हलवत नाहीत, शेजारी गौरी उभ्या, आणि युनिट भिंतीला पक्कं. मी ड्रॉवरच्या रिकाम्या खणातून आडवा आत शिरलो आणि मोबाईलच्या उजेडात छिन्नी आणि हॅकसॉच्या ब्लेडने ती फळी कापली, चाळीस मिनिटं लागली. तो गुंडाळा बाहेर काढला तर वेढे एकमेकांत चिकटून एक गोळा झाला होता, केबल टाय इन्सुलेशनमध्ये रुतले होते, आणि आतल्या वेढ्यात दोन ठिकाणी तांबं उघडं चमकत होतं. त्यामागचं प्लायवुड तळहाताएवढं तपकिरी झालं होतं. अजून तासभर गेला असता तर त्या दोन उघड्या तारा भेटल्या असत्या, पुढे कापडी मखर, त्यापुढे नऊवारीतल्या बायका.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त गेला की आपोआप पडणारा स्विच, पडला नव्हता हे लक्षात घ्या. तो १६ अँपिअरचा, भिंतीतल्या वायरसाठी बसवलेला. आमचा सगळा लोड मिळून १३०० वॅट, म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आत. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललं होतं. पण त्या एक्स्टेंशनची वायर अर्धा स्क्वेअर एमएमची, म्हणजे आतलं तांबं अगदी बारीक, पाच मीटर जायला आणि पाच मीटर यायला, एवढ्या करंटला तिच्यात बारा-एक वॅट उष्णता होते. वायर सरळ पसरलेली असेल तर बारा वॅट हवेत कुठे जातात कळतही नाही. त्याच वायरीचा मुठीएवढा गुंडाळा करून बंद खोक्यात ठेवला तर आतल्या वेढ्याला उष्णता टाकायला जागाच नाही. साधं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचं असतं, त्यापुढे ते मऊ पडतं.

दाजी आजही म्हणतात की हॅलोजनमुळे झालं, आणि हॅलोजन तू आणलेस. आणले, मीच आणले, मित्राकडून. पण मी नंतर तसंच एक्स्टेंशन विकत आणून वर्कशॉपमध्ये तेच दोन हॅलोजन लावून बघितलं. वायर टेबलावर मोकळी, तीन तास, हाताला कोमट. तीच वायर गुंडाळून टाय मारून लाकडी खोक्यात, तासाभरात हातात धरवेना. दाजींना म्हटलं या बघायला, आले नाहीत. ते आले असते तर हे एवढं इथे लिहावं लागलं नसतं.

आता तुमचं. सुताराच्या आधी वायरमन, याला पर्याय नाही. जिथे उपकरण बसणार तिथेच भिंतीत सॉकेट, टीव्हीमागे दोन, युनिटच्या आत किमान सहा, आणि होम थिएटर मोठं असेल तर एक १६ अँपिअरचं वेगळं, अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीवर. एवढं केलं की युनिटमध्ये एक्स्टेंशन लागतच नाही आणि तुमचा अर्धा गुंता तिथेच संपतो. टीव्हीपासून खालच्या खणापर्यंत भिंतीत दोन इंची पाईप टाकून घ्या. पाऊण किंवा एक इंचीचा आग्रह वायरमन धरेल, ऐकू नका, एचडीएमआयचं डोकं त्यातून वळणावर अडकतं आणि मग लोक ते डोकं कापायच्या गोष्टी करतात. पाईप शक्यतो सरळ उभा, आत एक दोरी कायमची सोडून ठेवा, पुढे नवीन केबल ओढायला लागतेच.

आत मागच्या बाजूने आडवा डक्ट, मी वर सांगितला तोच, ४५ बाय ४५ एमएमचा पुरतो, इलेक्ट्रिकलच्या मोठ्या दुकानात दोन मीटरच्या लांबीत मिळतो. शक्य असेल तर दोन लावा, एकात पॉवरच्या वायरी, दुसऱ्यात एचडीएमआय, स्पीकर, लॅन. काठोकाठ भरू नका. बांधायला वेल्क्रोची पट्टी, केबल टाय नको. जास्तीची वायर असेल तर गुंडाळू नका, डक्टमध्येच लांब नागमोडी सोडा. आणि फेरूल लावा, घरात छापील नसली तरी चालेल, पांढऱ्या टेपवर पेनने लिहून दोन्ही टोकांना गुंडाळा. चार ॲडॅप्टर एकसारखे काळे असतात, राऊटरचा बारा व्होल्टचा काढून पाच व्होल्टच्या उपकरणाला लावला की उपकरण गेलं.

एका खणातून दुसऱ्यात जायला ६० एमएमचं भोक आणि त्यात प्लॅस्टिकचं ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारी रिंग. नुसतं भोक ठेवून सुतार निघून जातात, सनमायक्याची कड ब्लेडसारखी असते, वायर तिच्यावर घासत राहते. ड्रॉवरच्या मागून कुठलीही वायर नको, ड्रॉवर सरकतो त्या चॅनेलमध्ये सापडली की दर वेळी ड्रॉवर लावताना थोडी थोडी चेपत जाते आणि वर्षभराने कापली जाते.

राऊटर बंद कपाटात ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. प्लायमुळे फार फरक नाही पडत पण शटरला आरसा किंवा आत पत्रा असेल तर वायफायची रेंज बेडरूमपर्यंत पोचत नाही, शिवाय तो गरम होतो. फायबरची ती बारीक वायर तर अजिबात बांधायची नाही. ताईकडेच नंतर एकाने ती केबल टायने आवळली आणि फायबरच्या डब्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा, तीन दिवस इंटरनेट बंद. आत काचेची तार असते, तिला मोठं वळण लागतं. सेट-टॉप बॉक्सच्या खणाला खालून-वरून हवेला जागा ठेवा, पुढे दार जाळीचं किंवा काचेचं असेल तर रिमोटही चालेल.

एक राहिलं, भाड्याच्या घरात हे भिंत फोडण्याचं सगळं शक्य नाही हे मला कळतं. तिथे लागेल तेवढ्याच लांबीचं, जाड वायरीचं एक्स्टेंशन घ्या, बोर्ड युनिटच्या बाहेरच्या अंगाला, दिसेल असा लावा आणि इस्त्री, हीटर त्याच्यावर कधीच नको. घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो शॉकपासून वाचवतो, तापलेल्या गुंडाळ्याचं त्याला काही कळत नाही. आणि हॅलोजनचं दाजी म्हणतात त्यात एवढं खरं आहे की आज एलईडीत तेवढाच उजेड कितीतरी कमी वॅटमध्ये मिळतो, हॅलोजन लावायचं कारणच उरलेलं नाही. पण गुंडाळा तो गुंडाळाच.

मागची फळी मात्र स्क्रूवरच, दोन तुकड्यांत, एका माणसाला एकट्याने काढता येईल अशी. स्क्रूच्या डोक्यांवर लावायला सनमायक्याच्या रंगाच्या टिकल्या मिळतात, त्या लावल्या की काही दिसत नाही. ज्या दिवशी फळी बसणार त्या दिवशी सुट्टी काढून तिथे उभे राहा, कारण संध्याकाळी ऑफिसवरून येईपर्यंत सुताराने सवयीने फेविकॉल लावून क्लॅम्प मारलेले असतात.