तापात लोहाची गोळी घ्यावी का?

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन १२.४ आहे, पण फेरिटिन ९ निघाल्याने डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. मला वरचेवर सर्दी-खोकला होतो. या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती वाढेल का? तापात त्या चालू ठेवाव्यात का? घरातील इतरांनीही त्या घेतल्या तर चालेल का? – एक वाचक

उत्तर : फेरिटिन हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप आहे. मोठ्या माणसांत ते १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेले की लोहाची कमतरता आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही आपल्याला गोळ्या दिल्या हे योग्यच झाले. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींची संख्या झपाट्याने वाढायला लोह लागते, म्हणून कमतरता भरून निघणे प्रतिकारशक्तीच्याही हिताचे आहे. मात्र वरचेवरच्या सर्दीमागे अ‍ॅलर्जीसारखी निराळी कारणेही असू शकतात. सारा भरवसा गोळीवर टाकू नये.

तापाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. बहुतेक जंतूंनाही वाढण्यासाठी लोह हवे असते. म्हणून संसर्ग होताच यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक सोडते, आणि त्यामुळे आतड्यातून लोह शोषले जाणे मंदावते, तर पेशींत साठलेले लोह रक्तात न येता तेथेच अडकून राहते. जंतूंची रसद तोडण्याची ही शरीराची स्वतःची व्यवस्था आहे. अशा वेळी घेतलेल्या गोळीतले लोह फारसे अंगी लागत नाही. साध्या सर्दीत गोळी थांबवण्याचे कारण नाही, पण जोराचा ताप असेल तर काही दिवस खंड द्यावा का, हे डॉक्टरांना विचारावे. तापात फेरिटिनची तपासणीही करू नये, कारण दाह असताना हा आकडा फुगलेला येतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

घरातील इतरांनी मात्र तपासणीविना या गोळ्या घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. टांझानियातील पेम्बा या मलेरियाग्रस्त बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर गंभीर आजार व मृत्यूचा धोका वाढल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. त्याच चाचणीत, ज्या मुलांना लोहाची कमतरता होती त्यांना फायदा झाला. शिवाय थॅलेसेमियासारख्या विकारात लोह आधीच साचलेले असू शकते. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशाच ठेवाव्यात. एकदम अनेक गिळल्या गेल्यास त्या जिवावर बेततात.

आपला साठा एवढा का घटला, हे डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. पाळीतील अतिस्राव, पोटातील सूक्ष्म रक्तस्राव किंवा लोह नीट न शोषले जाणे, यांपैकी काही असेल तर त्यावर उपचार झाल्याशिवाय साठा टिकणार नाही.