फेज कॉन्स्टंट काढताना कॅल्क्युलेटर ६० अंश म्हणतो आणि पुस्तक ५ पाय / ३. बरोबर कोण?

तुमचं गणित आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. स्प्रिंगला लावलेलं वजन सरल आवर्त गतीत आहे (मध्याच्या दोन्ही बाजूंना ये-जा करतंय), आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण ये-जाचा वेळ, १.२ सेकंद. घड्याळ सुरू केलं तेव्हा ते मध्यापासून उजवीकडे, आयामाच्या (मध्यापासूनच्या कमाल अंतराच्या) बरोबर निम्म्यावर होतं आणि उजवीकडेच चाललं होतं. उजवी बाजू धन. सूत्र हे, त्यात ओमेगा म्हणजे कोन दर सेकंदाला किती वाढतो ते, आणि फाय म्हणजे आपला फेज कॉन्स्टंट:

विस्थापन = आयाम × कॉस(ओमेगा × वेळ + फाय)

वेळ शून्य घातली की कॉस(फाय) = ०.५. तुम्ही कॉस इन्व्हर्सचं बटण दाबलंत, ६० अंश आले. पुस्तकात ५ पाय / ३, म्हणजे ३०० अंश.

पुस्तक बरोबर आहे. ३०० अंश म्हणजेच उणे ६० अंश, पूर्ण फेरी मिळवली किंवा वजा केली तरी फरक पडत नाही. तुमची चूक फक्त चिन्हाची आहे, पण ती चूक वजनाला उलट्या दिशेने पळवते. वेगाचं सूत्र बघा:

वेग = − आयाम × ओमेगा × साइन(ओमेगा × वेळ + फाय)

फाय ६० अंश घेतलात तर साइन धन, म्हणून सुरुवातीचा वेग ऋण. म्हणजे वजन मध्याकडे परत येतंय. तुमच्या गणितात ते बाहेर जातंय. म्हणून साइन ऋण हवा, म्हणून फाय उणे ६०.

हे नुसतं चिन्हांच्या नियमासारखं पाठ केलंत तर परीक्षेत घोळ होणारच. माझाही व्हायचा. मला ते गुरूच्या उपग्रहांवरून पटलं. ७ जानेवारी १६१० ला गॅलिलिओला दुर्बिणीतून गुरूच्या शेजारी एका रेषेत तीन ठिपके दिसले. ते उपग्रह गुरूभोवती जवळजवळ वर्तुळात फिरतात, पण आपण त्या वर्तुळाकडे कडेने बघतो. त्यामुळे आपल्याला ते एकाच रेषेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ये-जा करताना दिसतात, आणि ती ये-जा म्हणजे सरल आवर्त गतीच. आता समजा आयो हा उपग्रह गुरूपासून त्याच्या कमाल अंतराच्या निम्म्यावर दिसला. तो वर्तुळाच्या आपल्याकडच्या अर्ध्यात आहे की पलीकडच्या? एकदा बघून सांगता येत नाही, दोन्ही जागा एकाच ठिकाणी दिसतात. आयोची फेरी सुमारे ४२.५ तासांची आहे, तेव्हा तासाभराने पुन्हा डोळा लावा. बाहेर सरकला असेल तर एक जागा, आत आला असेल तर दुसरी.

फाय म्हणजे घड्याळ सुरू करताना वर्तुळावर तुम्ही कुठे होता तो कोन. नुसतं विस्थापन सांगितलं की दोन कोन शिल्लक राहतात, वेगाचं चिन्ह त्यातला एक काढून टाकतं. फक्त दोन्ही टोकांना (फाय ० किंवा १८० अंश) ही अडचण येत नाही, कारण तिथे वेगच शून्य असतो.

कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की टॅनचं सूत्र वापर, टॅन(फाय) = − वेग / (ओमेगा × विस्थापन), प्रश्नच मिटतो. मिटत नाही. समजा ओमेगा ४ रेडियन प्रति सेकंद, सुरुवातीचं विस्थापन −३ सेंमी आणि वेग +१६ सेंमी प्रति सेकंद. वेग भागिले ओमेगा ४ सेंमी, म्हणून आयाम √(९ + १६) = ५ सेंमी. टॅन येतो १.३३, कॅल्क्युलेटर म्हणतो ५३ अंश. तो घालून बघा: विस्थापन +३, वेग −१६, दोन्ही उलटे! बरं, कॉस इन्व्हर्स(−०.६) घ्यावा तर १२७ अंश, त्यात विस्थापन जमतं पण वेग उलटा. या गणितात दोन्ही बटणं फसवतात. कॉस −०.६ आणि साइन −०.८, दोन्ही ऋण, म्हणजे तिसरा चरण (वर्तुळाचा १८० ते २७० अंशांचा पाव भाग): १८० + ५३ = २३३ अंश. मी तरी आधी चरण ठरवतो आणि मगच बटणाला हात लावतो. टॅन इन्व्हर्स वापरायचाच असेल तर सुरुवातीचं विस्थापन ऋण असताना त्यात १८० मिळवा.

तुमच्या मित्राला ३० अंश आले म्हणता, तोही चुकलेला नाही. त्याने कॉसऐवजी साइनचं सूत्र घेतलं असणार. साइन(ओमेगा × वेळ + ३०) आणि कॉस(ओमेगा × वेळ − ६०) ही एकच गोष्ट आहे. गंमत म्हणजे साइन इन्व्हर्सने त्याला इथे योग्य कोन मिळाला तो नशिबाने. वजन आत येत असतं तर त्याचं उत्तर चुकलं असतं आणि तुमचं बरोबर आलं असतं. म्हणून प्रश्नात सूत्र कोणतं दिलंय ते आधी वाचा. काही पुस्तकं कंसात फाय वजा करतात, तिथे चिन्ह पुन्हा फिरतं.

आलेख दिला असेल तर यातलं काहीच लागत नाही. शून्यानंतरचं पहिलं शिखर किती वेळाने येतं ते मोजा, त्याला आवर्तकालाने भागा, ३६० ने गुणा आणि उणे चिन्ह लावा. तुमच्या वजनाचं शिखर ०.२ सेकंदाला येतं: ०.२ / १.२ × ३६० = ६०, म्हणून उणे ६०.

आणि उत्तर लिहिण्याआधी वेळ ०.०१ सेकंद घालून बघायची सवय लावा. तेवढ्यात कोन ३ अंशांनी पुढे जातो. कॉस(−५७) = ०.५४५, वजन निम्म्याच्या पुढे गेलं, ठीक. तुमच्या ६० अंशांनी कॉस(६३) = ०.४५४ येतं, म्हणजे ते मागे आलं.