गोंद नाही, तरी प्रोटीन प्लास्टिकला धरतं कसं?

प्रश्न : ताई, मी पंचवटीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावसाळा सुरू झाला की डेंग्यूच्या एलायझा (अँटिबॉडी वापरून केली जाणारी रक्ताची चाचणी) प्लेटा जवळजवळ रोज लागतात. प्लेटच्या वेलना, म्हणजे छोट्या खळग्यांना, अँटिबॉडी (ठरावीक रेणू पकडणारं प्रोटीन) आधीच चिकटवलेली असते. आम्ही पाच-पाच वेळा वॉश देतो, तरी ती निघत नाही. मग ती धरते कशाने? आणि प्लास्टिकवर नॅनो मापाची नक्षी करून प्रोटीन ओळीने बसवतात असं ऐकलं, ते खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे. आधी तुमच्या प्लेटकडे वळू. ती पॉलिस्टायरीनची असते, म्हणजे आपला थर्मोकोलच, फक्त हवा न भरलेला, कडक आणि पारदर्शक. या प्लास्टिकचं पाण्याशी पटत नाही. प्रोटीनच्या साखळीतही पाणी टाळणारे भाग असतात, बहुतेक आत दुमडलेले. प्रोटीन प्लास्टिकजवळ आलं की मधलं पाणी बाजूला होतं आणि हे भाग पृष्ठभागाला टेकतात. एकच रेणू अनेक ठिकाणी टेकलेला असतो. एक जागा सुटली तरी बाकीच्या सोडत नाहीत, म्हणून तुमचा वॉश त्याला हलवू शकत नाही.

घरी बघायचं असेल तर थर्मोकोलचा एक गुळगुळीत तुकडा घ्या. त्याचा अर्धा भाग साय काढलेल्या, पाणी घातलेल्या दुधात दहा मिनिटं बुडवा आणि नळाखाली नीट खळबळून घ्या. मग दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. कोऱ्या भागावर थेंब गोल, उभा राहतो. दुधात बुडालेल्या भागावर तो पसरट होतो. दूध धुऊन गेलं, पण त्यातल्या प्रोटीनचा डोळ्यांना न दिसणारा थर मागे राहिला. मी हे गंगापूर रोडच्या माझ्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कितीतरी मुलांना दाखवलंय आणि दर वेळी मलाही ते बघावंसं वाटतं.

प्लास्टिक मात्र निवड करत नाही, जे येईल ते धरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाईत ब्लॉकिंगची, म्हणजे प्लास्टिकवरच्या रिकाम्या जागा बुजवण्याची, पायरी गाळली. शेवटी रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्युशन घातल्यावर ९६ च्या ९६ वेल पिवळ्या, म्हणजे पॉझिटिव्ह झाल्या, निगेटिव्ह कंट्रोल (डेंग्यू नसलेला नमुना)सुद्धा. अँटिबॉडींच्या मधल्या मोकळ्या जागा रंग आणणारं एन्झाइम जोडलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीनेच पकडल्या होत्या. तेव्हापासून मी ब्लॉकिंगला निम्मं काम मानते. त्या मोकळ्या जागा बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) किंवा केसीनने (दुधातलं प्रोटीन) आधीच भरून टाकायच्या असतात.

आता नक्षी. केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो आणि अँटिबॉडी साधारण १० ते १५ नॅनोमीटरची. एवढ्या बारीक रेघा कोरत बसण्यापेक्षा त्या आपोआप उमटतील असं प्लास्टिक वापरता येतं. एक साखळी पॉलिस्टायरीनची, दुसरी अॅक्रिलिकची, आणि दोघींची टोकं कायमची जोडलेली. या दोघी एकमेकींत मिसळत नाहीत, पण जोडलेल्या असल्यामुळे फार लांबही जाऊ शकत नाहीत. सिलिकॉनच्या चकतीवर अशा प्लास्टिकचा पातळ थर दिला आणि तो बराच तापवला की साखळ्या सरकतात. थर नीट जमला तर पॉलिस्टायरीनचा पट्टा, शेजारी अॅक्रिलिकचा पट्टा, परत पॉलिस्टायरीनचा, अशी काही दशक नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्यांची रचना तयार होते. साखळ्यांची लांबी बदलली की पट्ट्याची रुंदी बदलते.

त्यावर अँटिबॉडीचं पातळ द्रावण सोडलं तर ती बहुतेक पॉलिस्टायरीनच्याच पट्ट्यावर बसते, कारण वर सांगितलेलंच: पाणी टाळण्यात तोच पुढे. पट्टा अँटिबॉडीच्या मापाचा असेल तर तिथे एक-दोन रेणूंचीच रांग मावते. अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारं यंत्र) ही रांग दिसते. थेंबभर नमुन्यात बऱ्याच चाचण्या करायच्या असतील तर कोण कुठे बसलंय हे ठाऊक असणं फार मोलाचं.

एक अडचण मात्र या रांगेतही सुटत नाही. अँटिबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-वन हे प्रोटीन पकडायचं तर तिचे दोन्ही हात वर हवेत. प्लास्टिकवर ती आडवी पडते, कधी उलटी बसते, कधी थोडी उलगडून निकामीही होते. म्हणून काही जण पृष्ठभागावर आधी स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रोटीन बसवतात आणि अँटिबॉडीच्या देठाला बायोटिन हे छोटं जीवनसत्त्व जोडतात. ही जोडी एकमेकांना इतकं घट्ट धरते की अँटिबॉडी देठावर उभी राहते आणि हात मोकळे राहतात.